परसबागेत आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल कसा ओळखावा

परसबागेत कोणीही न पेरलेला भोपळ्याचा वेल उगवून आला, की तो कशाचा आहे हा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर दोन पायऱ्यांनी शोधावे लागते. वेलाची प्रजाती कोणती, ही पहिली पायरी. पान, फूल, देठ आणि बी लक्षपूर्वक पाहिल्यास ती बहुतेक वेळा ठामपणे सांगता येते. त्या प्रजातीतील नेमका वाण कोणता, ही दुसरी; आणि येथे मात्र पुष्कळदा हात टेकावे लागतात, कारण ज्या फळातून बी आली ते फळ आपल्याला आठवत असले, तरी त्या बीत कोणत्या वेलाचा पराग उतरला होता हे कोणालाच ठाऊक नसते. बियाण्याच्या पाकिटांवरील चित्रांशी आपले फळ जुळवत बसण्यापासून आरंभ करू नये, तो याच कारणासाठी. आधी प्रजाती ठरवावी, मग शक्य तितपत वाण शोधावा, आणि फळ खाण्याचा विचार पुढे सांगितलेली चवीची चाचणी झाल्यावरच करावा.

बी आली कोठून

वेल कोठे उगवला आहे, याची नोंद प्रथम करावी. भोपळ्याच्या बिया चिवट असतात. कोरड्या, थंड जागी त्या चार ते सहा वर्षे उगवणक्षम राहतात, आणि कंपोस्टचा ढीग आतपर्यंत नीट तापला नाही, तर त्यातूनही त्या सहीसलामत बाहेर पडतात. बियांचा नाश होण्यासाठी ढिगाचे तापमान काही दिवस साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअस राहावे लागते. घरगुती ढिगात मध्यभागी ते कधीमधी साधते, पण कडेच्या भागात क्वचितच. त्यामुळे ज्या वाफ्यात घरचे कंपोस्ट पडले आहे, तेथे स्वयंपाकघरातून बाहेर गेलेल्या कोणत्याही फळाची बी असू शकते. गेल्या दोन-तीन वर्षांत घरात कोणकोणते भोपळे चिरले गेले, कोणते सडून ढिगात गेले, आणि शोभेसाठी आणलेले छोटे, खडबडीत किंवा पट्टेदार भोपळे त्यांत होते का, हे आठवून एक यादी करावी. शोभेच्या भोपळ्यांचा प्रश्न येथे उगाच विचारलेला नाही. त्याचे कारण कडवटपणाविषयी लिहिताना येईल.

रोप अगदी लहान असताना एक पुरावा हाती लागू शकतो, जो आठवड्याभरात नाहीसा होतो. उगवताना बीचे टरफल कधी बीजदलांच्या टोकाला अडकून वर येते, तर कधी खोडाच्या बुडाशी मातीत अर्ध्या बोटाच्या खोलीवर राहते. माती हलक्या हाताने बाजूला करून ते टरफल मिळाले, तर ते वाळवून जपून ठेवावे. त्याचा रंग आणि त्याची कड यांवरून काय समजते, ते पुढे सांगितले आहे.

अशी रोपे बहुधा पुंजक्याने उगवतात, कारण फेकलेल्या गरासोबत बियांचा गुच्छच मातीत जातो. सगळी एकाच फळातील भावंडे आहेत असे गृहीत धरले, तरी ती एकसारखी निघतील असे समजू नये. एका फूलात अनेक वेलांचा पराग पडलेला असतो आणि प्रत्येक बी वेगळी असू शकते. पुंजक्यातील एक किंवा फार तर दोन रोपे ठेवावीत, आणि दोन ठेवल्यास त्यांचे वेल एकमेकांत गुंतणार नाहीत इतके अंतर ठेवून प्रत्येकाजवळ खुणेची काठी रोवावी. असे न केल्यास पुढे कोणते फळ कोणत्या वेलाचे, हेच कळेनासे होते आणि ओळखीचे सारे काम फुकट जाते. रोप हलवायचे असेल, तर पहिले खरे पान उमलत असतानाच मुळांभोवतीच्या मातीच्या ढेकळासकट हलवावे. या कुळातील मुळांना छेडछाड सोसत नाही.

मुळात भोपळाच आहे ना

काकडी, कलिंगड, खरबूज, दुधी, कोहळा, दोडका, घोसाळे, कारले आणि पडवळ ही सारी एकाच कुळातील असल्याने बीजदलांच्या अवस्थेत त्यांच्यात फार फरक दिसत नाही. भोपळ्याची बीजदले सर्वांत मोठी आणि जाड असतात एवढेच. वेल ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, टाकू लागला, की निवड सोपी होते. काकडी, खरबूज आणि कारले यांचे ताणे साधे, म्हणजे एकाच दोरीसारखे असतात. भोपळ्याच्या ताण्याला दोन किंवा अधिक फाटे फुटतात. कलिंगडाच्या ताण्यालाही फाटे असतात, पण त्याचे पान खोलवर कातरलेले असल्यामुळे गफलत होण्याचे कारण नाही.

दुधीचा वेल मात्र भोपळ्याशी गोंधळ करायला लावतो. त्याचे पान स्पर्शाला मखमलीसारखे मऊ असते आणि पानाचा देठ जेथे पात्याला मिळतो, तेथे दोन बारीक ग्रंथी उठून दिसतात. भोपळ्यात त्या नसतात. फूल आल्यावर तर शंकाच उरत नाही, कारण दुधीचे फूल पांढरे असून संध्याकाळी उमलते, तर भोपळ्याचे मोठे, पिवळे-नारिंगी फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते. कोहळा, घोसाळे आणि दोडका यांची फुले पिवळीच असतात, परंतु त्यांच्या पाकळ्या जवळजवळ तळापर्यंत सुट्या असतात. भोपळ्याच्या पाकळ्या खाली जोडलेल्या असून त्यांची एक खोल घंटा झालेली असते. पडवळाचे फूल पांढरे आणि झालरीदार असते, त्याची चूक होणे नाही.

पान, खोड आणि पानावरील चंदेरी डाग

भोपळा आहे असे ठरल्यावर बागेत आढळण्याजोग्या मुख्य प्रजाती तीनच उरतात: कुकुर्बिटा पेपो, कुकुर्बिटा मॅक्सिमा आणि कुकुर्बिटा मोस्काटा. चौथी, आर्गिरोस्पर्मा, बागांत पुष्कळ कमी दिसते. या तिघींची वाटणी फळाच्या आकारावर किंवा रंगावर झालेली नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेले बरे. लांबट हिरवी झुकिनी, चपटे कातरलेल्या कडांचे पॅटीपॅन, शिरा सुटल्यासारखा गर असणारा स्पॅगेटी भोपळा, कोरीवकामासाठी वापरला जाणारा नारिंगी भोपळा आणि शोभेचे बहुतेक लहान भोपळे हे सारे एकट्या पेपोचे आविष्कार आहेत. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील गिला नाकित्झ गुहेत मिळालेल्या पेपोच्या बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि ही प्रजाती मेक्सिकोत व आजच्या अमेरिकेच्या पूर्व भागात अशी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागवडीखाली आली असे मानले जाते. इतक्या दीर्घ निवडीनंतर फळांत विलक्षण वैविध्य आले, पण देठ आणि पान बहुतांशी जसे होते तसेच राहिले. ओळखीसाठी देठ-पानांवर भिस्त ठेवायची ती यासाठी.

पेपोचे पान त्रिकोणी वळणाचे आणि बहुधा खोल खंडांचे असते. पान व खोड यांवर राठ, टोचणारे केस असतात. उघड्या हाताने वेल उचलला आणि हाताला खाज सुटली, तर संशय पेपोवर घ्यावा. मॅक्सिमाचे पान मोठे, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि जवळजवळ अखंड असते. त्याचे खोड गोल व तुलनेने मऊ असते. मोस्काटाचे पान या दोहोंच्या मधले: रुंद, उथळ कोनांचे, आणि त्यावर मऊ लव असल्याने हाताला सुखद लागते.

पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी-पांढरे डाग दिसतात, तेव्हा अनेकजण भुरी रोग समजून लगेच फवारणी करतात. हे डाग नैसर्गिक आहेत की भुरी, हे बोटाने पुसून पाहावे. भुरीची पांढरी बुरशी पिठासारखी पुसली जाते आणि शिरांची मर्यादा न मानता पसरते; नैसर्गिक डाग पुसले जात नाहीत आणि वेलाच्या सर्व पानांवर शिरांना धरूनच असतात. असे डाग मोस्काटात पुष्कळदा आणि झुकिनीसारख्या पेपोच्या अनेक वाणांत दिसतात, मॅक्सिमात सहसा दिसत नाहीत. म्हणजे डाग असणे हा मॅक्सिमाला वगळण्याचा चांगला आधार आहे. मात्र डाग नाहीत म्हणून मॅक्सिमाच आहे, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

वेल पसरतो की झुडपासारखा एका जागी राहतो, हेही पाहावे. आखूड पेरांचे, मध्यभागातून पाने उभी फेकणारे रोप बहुधा झुकिनीच्या घराण्यातील, म्हणजे पेपो असते. चार-पाच मीटर धावणारा वेल तिन्हींपैकी कशाचाही असू शकतो.

फुले काय सांगतात

प्रथम केवळ नरफुले येतात, मादीफुले त्यानंतर एखाद-दोन आठवड्यांनी. फळ धरत नाही म्हणून या काळात वेल उपटून टाकण्याची घाई करू नये. नरफुलाच्या पाकळ्यांच्या मुळाशी असलेली हिरवी निदले तपासावीत: ती पानासारखी रुंद टोकाची असतील तर वेल मोस्काटा असण्याचा संभव मोठा आहे. मॅक्सिमाची निदले आखूड व अरुंद असतात आणि पाकळ्यांची टोके बाहेर वळून खाली झुकलेली असतात.

मादीफूल त्याहून महत्त्वाचे. त्याच्या खाली असलेला फुगीर भाग हे अंडाशय, म्हणजे होणारे फळच होय, आणि फूल उमलण्याआधीच त्याचा आकार पुढच्या फळाची बरीच कल्पना देतो. चकतीसारखे चपटे अंडाशय असेल तर पॅटीपॅनसारखे फळ येणार. लांब दंडगोल असेल तर झुकिनीसारखे. मानेपाशी निमुळते आणि टोकाला फुगलेले असेल तर बटरनटसारखे. गोल अंडाशयावरून मात्र फारसे काही ठरत नाही. मादीफूल एकच सकाळ उमलते, तेव्हा छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, बाजूने, आणि आकारमान कळावे म्हणून शेजारी मोजपट्टी धरून.

निर्णायक पुरावा: फळाचा देठ

एवढे सगळे पाहूनही मन साशंक असेल तर फळाच्या देठाकडे वळावे. माझ्या मते बाकीची सर्व लक्षणे साक्षीदार आहेत, निकाल देठाचा. फळ जून झाल्यावर, देठ वाळू लागला असताना तो पाहावा. कोवळ्या फळावर फरक स्पष्ट नसतात.

पेपोचा देठ कठीण, लाकडासारखा, ठळक कोनांचा आणि कोनांमध्ये खोल चर असलेला असतो. फळाला मिळतो तेथे तो किंचितच रुंदावतो. मोस्काटाचा देठही कठीण व पंचकोनी असतो, पण त्याचे कोन गुळगुळीत असतात आणि फळाला चिकटतो तेथे तो एकदम पसरून फळावर हाताच्या पंजासारखा टेकतो. मॅक्सिमाचा देठ अगदी निराळा: गोल, कोनरहित, फुगीर आणि बुचाच्या लाकडासारखा मऊ, पक्व झाल्यावर त्यावर बारीक भेगा पडतात आणि नखाने दाबला तर दबतो. कबोचा, हबर्ड, पगडीच्या आकाराचे भोपळे आणि वजनाच्या स्पर्धांतील महाकाय भोपळे या घराण्यातील आहेत. एकदा असे तिन्ही देठ शेजारी ठेवून पाहिले, की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.

फळ चिरल्यावर बियांनी या निष्कर्षाची पडताळणी होते. पेपोची बी फिकट मलईच्या रंगाची, सपाट आणि गुळगुळीत, त्याच रंगाच्या कडेची असते. मोस्काटाच्या बीची कड तिच्या अंगापेक्षा गडद आणि खरबरीत, जरा विसकटल्यासारखी असते. मॅक्सिमाची बी टपोरी असते, पांढरी किंवा तपकिरी, आणि तिच्या टोकावरचा व्रण तिरका असतो. सुरुवातीला मातीतून काढून ठेवलेले टरफल आता या वर्णनाशी ताडून पाहता येईल. टरफलाविना हिरव्या बिया निघाल्या, तर तो तेलासाठी जोपासलेल्या पेपोच्या घराण्याचा वारसा आहे.

वाण शोधायचाच असेल तर

प्रजाती ठरली, की आपल्या यादीतील त्या प्रजातीचे वाण तेवढे शिल्लक ठेवावेत. मोस्काटा ठरली आणि यादीत बटरनट हा एकच मोस्काटा असेल, फळही तसेच दिसत असेल, तर बटरनट म्हणायला हरकत नाही. फळ निम्मे एकासारखे आणि निम्मे दुसऱ्यासारखे दिसत असेल, तर ते संकरित आहे एवढेच म्हणावे.

येथे दोन समजुती दूर करायला हव्यात. शेजारच्या काकडीचा किंवा कलिंगडाचा पराग लागून भोपळ्याचे फळ विचित्र झाले, असे पुष्कळजण म्हणतात; ही पिके भोपळ्याशी संकरित होत नाहीत. दुसरी समजूत अशी, की या वर्षी परका पराग पडल्याने याच वर्षीच्या फळाची साल आणि चव बदलते. फळाची साल व गर मातृवेलाच्या ऊतींचे असतात. परागाचा परिणाम बियांत साठतो आणि त्या बिया पुढच्या वर्षी उगवल्यावर दिसतो. आपोआप उगवलेला वेल हा नेमका असाच गेल्या हंगामातील संकराचा परिणाम असू शकतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल नोदँ यांनी 1856 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकर-प्रयोगांतून पेपो, मॅक्सिमा आणि मोस्काटा या वेगळ्या प्रजाती असल्याचे दाखवून दिले होते. त्यांच्यात परस्पर संकर सहजासहजी होत नाही, पण एकाच प्रजातीतील कोणतेही दोन वाण बिनदिक्कत संकरित होतात, आणि मधमाश्या एक-दोन किलोमीटरवरूनही पराग आणू शकतात. शिवाय मूळ फळ एफ-वन, म्हणजे दोन वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीच्या, बियाण्याचे असेल, तर बाहेरचा पराग नसतानाही त्याची संतती निरनिराळ्या रूपांची निघते.

खाण्यापूर्वीची चाचणी

हा भाग वगळू नये. भोपळ्याच्या रानटी पूर्वजांत कुकुर्बिटॅसिन नावाची अत्यंत कडू व विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांतून ती निवडीने जवळजवळ नाहीशी झाली आहेत, परंतु शोभेच्या अनेक भोपळ्यांत आजही आहेत, आणि शोभेचे ते भोपळे झुकिनीच्याच प्रजातीचे, म्हणजे पेपो असल्याने दोहोंचा संकर सहज होतो. अशा संकरातून उगवलेला वेल दिसायला निरोगी आणि त्याची फळे दिसायला आकर्षक असू शकतात. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून वेल पेपोचा ठरला तर सावधगिरी दुप्पट ठेवावी.

फळ चिरून देठाकडील व मधल्या भागाचा वाटाण्याएवढा कच्चा तुकडा घ्यावा, जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकावा आणि तोंड धुवावे. चव सौम्य, गोडसर किंवा नुसतीच पाणचट असेल तर फळ खाण्यायोग्य मानावे. कडू लागले, थोडेसेही, तर ते फळ आणि त्या वेलाची इतर सर्व फळे टाकून द्यावीत. शिजवल्याने, तळल्याने किंवा मसाल्याने विष नाहीसे होत नाही, फक्त कडवटपणा झाकला जातो आणि धोका वाढतो. वयोमानाने चव मंदावलेल्या व्यक्तीकडून ही चाचणी करवून घेऊ नये, आणि लहान मुलांकडून तर नाहीच. कडू भोपळा खाण्यात आला तर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात तीव्र कळा आणि जुलाब सुरू होतात. तेव्हा विनाविलंब डॉक्टरांकडे जावे आणि उरलेले फळ सोबत न्यावे. फ्रान्समधील दोन महिलांना कडू भोपळा खाल्ल्यावर असा त्रास होऊन काही आठवड्यांनी त्यांचे केसही मोठ्या प्रमाणात गळल्याची नोंद 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. एका वेलाची सर्व फळे आनुवंशिकदृष्ट्या सारखीच असतात, तरी पाण्याच्या ताणामुळे कडवटपणा वाढू शकतो, म्हणून आधीचे फळ चांगले निघाले असले तरी प्रत्येक फळ चिरताना चाखून पाहावे. कडू निघालेला वेल कंपोस्टमध्ये टाकायचा असेल, तर फळे आधी वेगळी काढावीत. त्यांतील बिया पुन्हा वाफ्यात यायला नकोत.

काढणी आणि पुढच्या वर्षाचे बी

अनोळखी वेलाचे फळ कोवळे काढावे की जून, हे प्रजातीवरून पूर्णपणे ठरत नाही, म्हणून दोन्ही करून पाहावे. एक फळ हाताएवढे झाल्यावर कोवळे काढून चाखावे आणि बाकीची जून होऊ द्यावीत. परागीभवनानंतर साधारण 45 ते 55 दिवसांनी साल नखाने खरवडली जात नाही इतकी कठीण होते, मातीवर टेकलेला भाग पिवळसर होतो आणि देठ वाळू लागतो. त्या वेळी देठाचे बोटभर टोक ठेवून फळ कापावे. देठ तुटलेले फळ टिकत नाही. पक्व झाल्यावर गर तंतुमय आणि फिका निघाला, तर तो वेल कोवळ्या फळांसाठीच चांगला समजावा.

वेल मनास आला आणि त्याचे बी धरावेसे वाटले, तर परागीभवन स्वतःच्या हाताने करावे. दुसऱ्या दिवशी उमलणारी नर आणि मादी फुले संध्याकाळी पिवळी पडलेली टोके पाहून ओळखता येतात. त्यांची तोंडे दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने बंद करावीत. सकाळी नरफूल तोडून, पाकळ्या काढून त्याचा पराग त्याच वेलाच्या मादीफुलाला लावावा, मादीफूल पुन्हा बंद करावे आणि फळाच्या देठाला रंगीत धागा बांधावा. ते फळ पूर्ण जून झाल्यावर काढून आणखी तीन आठवडे तसेच ठेवावे, म्हणजे बिया भरतात. वेल संकरित असेल, तर पुढच्या वर्षी त्या बियांतून एकापेक्षा अधिक प्रकारची फळे निघतील, आणि त्या प्रत्येक वेलाचे प्रत्येक फळ पुन्हा चाखून, थुंकून तपासावे लागेल.